घटापुढं ठेवलेल्या माश्या

बुलढाणा जिल्ह्यात दहा दिवस राहून आले म्हटल्यावर पुण्यात जो तो विचारतो, "मग लोणारचं सरोवर कसं वाटलं?" नाही पाहिलं. "शेगावला तरी जाऊन आलीस ना?" नाही गेले. "अगं, मग दहा दिवस केलंस काय?" पाच एकर पऱ्हाटीकडे बघत बसले, असं सांगितलं की समोरचा माणूस विषय बदलतो. पऱ्हाटी म्हणजे कापसाचं झाड, हेही सांगावं लागतं. म्हणून एकदाच सगळं लिहून टाकते. ज्याला वाचायचं त्याने वाचावं, बाकीच्यांनी लोणारचे फोटो मोबाइलवर बघावेत.

मी कॉलेजात गणित शिकवते. शेतीशी माझा संबंध गॅलरीतल्या कढीपत्त्यापुरता. पण माझी मैत्रीण वसुधा कीटकशास्त्रातली, आणि तिच्या नादाला लागून मी किड्यांचं वय मोजायला लागले. किडा तारखेवर वाढत नाही, उबेवर वाढतो. दह्याचं जसं असतं ना, उन्हाळ्यात चार तासांत लागतं आणि थंडीत रात्रभर ठेवलं तरी सकाळी पळी घालावी तर दूधच. अमुक तापमानाखाली वाढ थांबते. त्याच्या वर जितके अंश, तितकी वाढ पुढे सरकते. रोजचे अंश मांडत जायचे, बेरीज ठरलेल्या आकड्याला पोचली की अंडं फुटतं. कागदावर हे इतकं सरळ रेषेत बसतं की गणितवालीला मोह पडायचाच. मला पडला.

आकडे पाठवायच्या त्या देऊळघाटच्या निर्मलाताई. त्यांच्या वावरात, म्हणजे शेतात, वसुधाने कामगंध सापळे लावून दिले होते. मादीचा वास लावलेले हे सापळे, त्यात बोंडअळीचे नर पतंग येऊन पडतात. निर्मलाताई रोज सकाळी ते मोजून मला फोनवर सांगायच्या, "आज सतरा, ताई." एवढंच. कधीतरी आकड्याच्या पुढे दोन वाक्यं यायची, त्यातून मला कळलं की गेल्या वर्षी त्यांचे यजमान प्रल्हादभाऊ फवारणी करताना वावरातच कोसळले होते. पऱ्हाटी खांद्याएवढी, वारा तोंडावर, औषध जहाल. आठ दिवस दवाखान्यात होते. डॉक्टरांनी बजावलं, पुन्हा हे अंगावर घेतलंत तर मी जबाबदार नाही.

"मग दुसऱ्या कुणाकडून करून घ्या," मी म्हणाले होते.

"तेच म्हनलं मी. त ते म्हणतात, मले जे झालं ते दुसऱ्याच्या पोराले होऊ देऊ का? करीन त मीच करीन."

म्हणजे या वर्षी अळी आली की प्रल्हादभाऊ पंप पाठीवर घेणार, हे ठरलेलं. ते टाळायचा एकच रस्ता होता, आणि तो एका खोक्यात भरून मला घेऊन जायचा होता.

खामगाव

खरं तर वसुधाच जायची. ती न्हाणीघरात घसरली आणि पायाला प्लास्टर घालून बसली. मी रेल्वेने जलंबला उतरले, तिथून फाट्यावरच्या छोट्या रेल्वेने खामगाव. रस्त्यावर सरकीच्या तेलाचा वास, जिनिंगच्या भिंतींवर गेल्या हंगामाचा कापूस अजून चिकटलेला. एका गृहस्थांनी घराच्या मागच्या खोलीत ट्रायकोकार्डं करायचा उद्योग मांडलाय, त्यांच्याकडे गेले. हे कार्ड म्हणजे पोस्टकार्डाएवढा कागद. त्यावर खसखशीसारखी काळी अंडी चिकटवलेली, आणि प्रत्येक अंड्यात एक माशी, टाचणीच्या टोकाहून लहान. बाहेर पडली की ती बोंडअळीचं अंडं शोधते आणि त्यात आपलं अंडं घालते. अळी जन्मालाच येत नाही.

भानगड वेळेची आहे. माशी लवकर निघाली आणि वावरात अंडी नसली तर दोन दिवसांत उपाशी मरते. उशिरा निघाली तर अळी अंड्यातून बाहेर पडून बोंडात शिरलेली असते, मग तिथे ना माशी पोचत ना औषध. दोन घड्याळं, पतंगांचं एक आणि माश्यांचं एक, दोन्ही उबेवर चालणारी. ती एका सकाळी एकदम वाजायला हवीत. माझ्या हिशेबाने ती सकाळ नवरात्राच्या तिसऱ्या माळेची होती.

"थंड ठेवसान त झोपून राह्यतीन," खामगावचे गृहस्थ म्हणाले. "गरम झाल्या का उठल्याच समजा." त्यांनी थर्माकोलच्या खोक्यात बर्फाच्या पिशव्या घातल्या. कार्डांच्या पाकिटाला मी रबरबँडने माझं तापमान टिपणारं यंत्र बांधलं, काडेपेटीएवढं. मग खोकं मांडीवर घेऊन बुलढाण्याच्या बसमध्ये बसले.

बोथ्याचं जंगल

खामगावहून बुलढाण्याला जाताना बोथ्याचं जंगल लागतं. साग, सालई, मधे मधे बांबू. मी एरवी खिडकीतून मान बाहेर काढली असती. पण त्या दिवशी माझं अर्धं लक्ष खोक्याच्या झाकणावर, आणि तेवढ्यात बसचं मागचं चाक बसलं.

सगळे खाली उतरले. घटस्थापनेचा दिवस, पाऊस उघडून आठवडा झालेला, ऊन असं की डांबर चपलेला चिकटत होतं. मी खोक्यावर ओढणी धरली, मग छत्री, मग स्वतःचीच सावली. वाहक कुतूहलाने जवळ आला.

"आइस्क्रीम हाये का हो बाई?"

"नाही. किडे आहेत."

शेजारी उभ्या असलेल्या बाई आपलं नातवंड उचलून चार पावलं लांब झाल्या. वाहक मात्र हटला नाही. "किडे? न्या बाप्पा. आमच्याकडं कमीच होते."

दीड तास गेला. मी दर दहा मिनिटांनी यंत्र बघत होते आणि मनात अंश मांडत होते. सव्वीस. सत्तावीस. बर्फाचं पाणी झालं होतं. एवढं तर माझ्या हिशेबात बसत होतं, पण त्या दीड तासात माझी जी उलघाल झाली ती बसत नव्हती. बस घाट चढून वर आली तशी हवा जरा निवली, आणि मी जिल्ह्याच्या भूगोलाचे मनापासून आभार मानले.

बुलढाण्याच्या स्टँडवर यासीनभाई त्यांची अ‍ॅपे घेऊन उभे होते. त्यांचं वावर निर्मलाताईंच्या धुऱ्याला लागून. धुरा म्हणजे बांध. "मॅडम, पेटी मागं नका ठेवू, सामने ठेवा, माझ्या पायाजवळ. तिथं हवा लागते." खोक्यात काय आहे ते त्यांना ठाऊक होतं. "तिच्याकडं अळी झाली त माझ्याकडं यायले काय तिले दावत द्या लागते? तिथंही राहीन अन् इथंही येईन."

देऊळघाट, पहिली माळ

आमच्या पुण्यात पाहुण्याची बॅग दाराजवळच्या खुर्चीवर राहते, ती उचलून कुठे ठेवायची ते पाहुण्यानेच ठरवायचं. इथे मी पायावर पाणी घेईपर्यंत माझं सगळं सामान आत गेलं होतं. पाहुण्याचं सामान दारात राहू नये, अशी रीत.

निर्मलाताई चाळिशीच्या, चपळ, बोलताना हात चालूच. प्रल्हादभाऊ उंच आणि जरा वाकलेले. "आले का," एवढं म्हणून त्यांनी चहाची कपबशी माझ्या हातात दिली, तेव्हा बशी किणकिणली. बोटांचं थरथरणं गेल्या वर्षीपासून आहे, हे मला नंतर कळलं. पडवीच्या भिंतीवर खिळ्याला पंप टांगलेला होता. निळा, स्वच्छ पुसलेला. नळीच्या टोकाला, जिथून औषध फवारलं जातं ते नोझल नव्हतं.

स्वयंपाकघरात आम्ही दोघीच असताना मी विचारलं. निर्मलाताईंनी दाराकडे पाहिलं, फळीवरचा तुरीच्या डाळीचा डबा काढला आणि कोपरापर्यंत हात आत घातला. पितळी नोझल वर आलं, परत खाली गेलं.

"त्याइले नाई माहीत. मागाले लागले का सापडत नाई म्हणीन. एक दिवस तरी जाईन ना शोधण्यात."

"आणि नवं आणलं तर?"

"आणतीन ना," त्या म्हणाल्या. "बुलढाण्यात काय नोझलं कमी हायेत." मग डोळ्याला पदर लावला, आणि लगेच कळण्याची भाकर थापायला बसल्या. त्यांचा उपास, भाकर माझ्यासाठी. ज्वारीत उडीद घालून दळलेलं ते पीठ, वर ठेचा. मी दोन खाल्ल्या आणि तिसरी मागितली.

जेवण झालं तेव्हा मला डोळे उघडे ठेवता येत नव्हते. खोक्यावर हात ठेवून मी म्हणाले, "निर्मलाताई, हे जिवापाड जपा बरं." आणि झोपले. खोकं उघडू नका, एवढे तीन शब्द बोलले असते तर पुढचं काही घडलं नसतं. पण मी मोठी विदुषी. मला वाटलं, जे मला माहीत ते जगाला माहीत.

दुसरी माळ

सकाळी चहा घेऊन खोकं बघायला गेले. रिकामं.

"पाकीट कुठेय?"

"देवघरात," निर्मलाताई शांतपणे म्हणाल्या. "घटापुढं."

देवघर म्हणजे घराच्या मधली बारीक खोली, खिडकी नाही, वर टिन. मातीत धान्य पेरलेला घट, माळ, आणि शेजारी नऊ दिवस न विझवायचा अखंड दिवा. दिव्याच्या पुढ्यात, हळदी-कुंकू वाहिलेलं, माझं पाकीट. यंत्रावर चौतीस अंश.

मी किंचाळलेच. "हे काय केलंत तुम्ही! वेड लागलंय का?"

निर्मलाताईंचा चेहरा पांढरा पडला. "काऊन ताई, काय झालं? पेरणीचं बी घरात आलं का पयले देवापुढंच ठेवतो आमी. रातभर. मंगच वावरात नेतो. अन् हे त जीव हाये म्हणे त्यात. डब्यात कोंडून कायले ठेवाचं, पाणी झालं होतं सारं त्यात. तुमीच म्हनलं जिवापाड जपा."

मीच म्हणाले होते. याहून जपून ठेवायची जागा त्या घरात नव्हती.

दिव्याच्या ताटलीत तेलावर काळे ठिपके दिसत होते. "काजळी हाये ते," त्या म्हणाल्या. मी भिंग लावलं. काजळीला पंख नसतात.

वसुधाला फोन लावला. झालं ते सांगितलं. तिने विचारलं, "किती निघाल्यात?"

"दहा-बारा."

"मग ते नर असणार. नर आधी निघतात आणि माद्यांची वाट बघत बसतात. माद्या मागोमाग येतात. किती वेळाने, ते तू सांग. गणित तुझं आहे."

"परत बर्फात ठेवू?"

"अजिबात नको. निघायच्या बेतातल्या आहेत, थंडीने लुळ्या पडतील. आणि भर उन्हातही लावू नकोस, पानाआड असल्या तरी होरपळतील. तीन-साडेतीननंतर लाव. फक्त त्याआधी पाकिटात निघू देऊ नकोस. ही माशी चार-पाच हातांपलीकडे जात नाही. पाकिटात निघाल्या तर वावरभर वाटणार कशा?"

पतंगांच्या हिशेबाने वावरात अंडी पडायला लागली होती, तेव्हा एक दिवस आधी लावली तरी चालणार होतं. सगळं अडलं होतं ते एकाच प्रश्नावर. माद्या कधी निघणार? मी पडवीत बसले, यंत्रातले रात्रीचे आकडे काढले आणि कुणाच्या तरी लग्नपत्रिकेच्या मागे बेरीज केली. माझी सरळ रेष म्हणाली, अकरा वाजता. तेव्हा सव्वानऊ झाले होते.

अकराला लावायच्या तर आत्ता निघायला हवं. म्हणजे ऐन उन्हात. आणि न लावता थांबावं तर पाकिटात निघणार. पाचही एकर गेलेच म्हणायचे. प्रल्हादभाऊ भिंतीला टेकून उभे होते आणि त्यांच्या मागे तो निळा पंप. मी तीस वर्षं मुलांची गणितं चुकलेली पाहत आले, चूक झाली की खाली लाल रेघ मारायची. इथे रेघ माणसाच्या अंगावर उमटणार होती.

निर्मलाताई समोर येऊन बसल्या. माझ्या ओरडण्याचा राग त्यांच्या चेहऱ्यावर नव्हता, आणि त्यानेच मला जास्त लाज वाटत होती. "मले समजून सांगा ताई. काय बिघडलं?"

मी दह्याचं उदाहरण दिलं. ऊब जास्त, दही लवकर.

"हाव," त्या म्हणाल्या. आणि जरा थांबून, "पण लय ऊन दुधात विरजण घातलं त दही लवकर थोडंच लागते? उलटं बसून राह्यते ते. कधी कधी नासते."

ही गोष्ट मला माहीत होती हो! पुस्तकात होती. एका हद्दीपर्यंत ऊब वाढवावी तशी वाढ जोरात होते, हद्द ओलांडली की रेष वाकते, वाढ मंदावते, आणखी पुढे गेलं की किडा मरतो. मी ती वाकडी रेष मांडलीच नव्हती. किचकट होती, आणि वावरातलं तापमान कुठे एवढं रात्रभर चढतं, असं मला वाटलं होतं. अखंड दिवा माझ्या गणितात नव्हता.

पत्रिकेच्या उरलेल्या जागेत मी रेष वाकवली. उत्तर आलं साडेतीन.

हे उत्तर मला इतकं सोयीचं होतं की मी घाबरले. रेष किती वाकवायची ते माझ्याच हातात होतं. मला पाहिजे तिथे पोचावी म्हणून तर हात वाकत नाहीये ना? पुन्हा केलं. तीन वाजून दहा मिनिटं. पुन्हा केलं. पावणेचार.

"मॅडम," प्रल्हादभाऊ पहिल्यांदाच आपणहून बोलले. "खरं सांगा. किती वाजता?"

"साडेतीन. पण मी चुकू शकते."

"मंग तीनले तिथं पायजे आपण." पायात चप्पल असतानाही त्यांनी चप्पल शोधावी तसं इकडेतिकडे पाहिलं. "मीबी येतो."

निर्मलाताईंचे हात थांबले. कोसळल्यापासून ते पऱ्हाटीत शिरले नव्हते. सोयाबीनमध्ये जायचे, धुऱ्यावरून फिरायचे, आत नाही.

पाकीट माठाजवळ सावलीत ठेवलं आणि मी समोर पाट घेऊन बसले, भिंग हातात. अशी दुपार शत्रूवरही येऊ नये. साडेअकराला भिंगाखाली हालचाल नाही. म्हणजे सरळ रेष खोटी ठरली, की माश्या आत मेल्या? मेलेल्या अंड्यातूनही हालचाल होत नाही. बारा. साडेबारा. एका अंड्याला भोक दिसलं, मग दुसऱ्याला, आणि पुन्हा काही नाही. निर्मलाताईंनी पाणीसुद्धा घेतलं नाही. पाकिटातून एकेक कार्ड काढून त्याच्या पट्ट्या कापत बसल्या, एकेक पट्टी कागदी पिशवीत, आपल्या मुलीची वेणी घालावी इतक्या हलक्या हाताने. दोनला आभाळ भरून आलं. आता पाऊस आला तर पट्ट्या धुऊन जाणार. मी आभाळाला शिव्या घातल्या, त्या इथे लिहीत नाही.

पावणेतीनला यासीनभाईंची अ‍ॅपे दारात आली. त्यांनी चार स्टेपलर आणले होते. "शाळेतून आणले. मास्तरले म्हनलं, माश्यायची हजेरी लावाची हाये."

कुणी हसलं नाही, पण सगळे उठले.

वावरावर पोचलो तेव्हा ढगांनी ऊन झाकलं होतं, आणि पाऊस पलीकडे अजिंठ्याच्या अंगाला सरकत होता. पऱ्हाटी माझ्या छातीपर्यंत, पिवळी-गुलाबी फुलं, हिरवी बोंडं. इतकी देखणी असते ती मला माहीत नव्हतं. निर्मलाताई आणि यासीनभाई दोन टोकांनी शिरले. पानाच्या खालच्या अंगाला पट्टी लावायची, टच, पुढे. मी दोन ओळी केल्या आणि मागे पाहिलं.

प्रल्हादभाऊ धुऱ्यावरच उभे होते. एक पाय वावरात, एक बाहेर. निर्मलाताईंनाही दिसलं असणार, पण त्यांनी मान वळवली नाही. माझ्या घड्याळात सव्वातीन. चौघांशिवाय हे पाच एकर वेळेत होणार नव्हते. मी हाक मारणार होते, पण कुठल्या तोंडाने मारणार?

मग पऱ्हाटीची पानं हलली. ते माझ्या शेजारच्या ओळीत आले होते. थरथरत्या बोटांनी स्टेपलर धरवत नव्हता, म्हणून दोन्ही हातांनी दाबत होते. टच. टच. दहा-बारा झाडं गेल्यावर म्हणाले, "इथंच पडलो होतो, मॅडम." जागा दुसऱ्या जागेसारखीच होती. त्यांनी तिथे पट्टी लावली आणि पुढे सरकले.

चार वाजायला दहा मिनिटं होती, माझ्या हातात शेवटच्या सात-आठ पट्ट्या होत्या, आणि अंगठ्यावर काहीतरी वळवळलं. भिंग लावायची गरजच पडली नाही. काळे कण चालत होते. एक, चार, मग मोजता येईनात. मी एवढ्याने ओरडले की बगळे उडाले. "निघाल्या! निर्मलाताई, निघाल्या!" आणि मग मला रडू फुटलं. एवढी बाई मी, पऱ्हाटीत उभी राहून भोकाड पसरून रडले.

मधल्या माळा

मी तीन दिवसांसाठी गेले होते. पण माश्या निघाल्या म्हणजे काम झालं असं नाही. त्यांनी अंडी शोधली की नाही, चौतीस अंशांत भाजलेल्या माश्यांच्या अंगात तेवढी धमक उरली होती की नाही, हे आठ-नऊ दिवसांनी बोंड फोडल्यावरच कळणार. पुण्याला गेले असते तर झोप लागली नसती, म्हणून राहिले. कॉलेजला दसऱ्यापर्यंतची रजा कळवली.

ते दिवस लांब गेले. आजूबाजूच्या वावरांत पंप सुरू झाले. सकाळी औषधाचा वास घरापर्यंत यायचा आणि प्रल्हादभाऊ दार लावून आत बसायचे. रस्त्याने जाणारा एक जण ओरडला, "काऊन भाऊ, वावर माश्यायले ठोक्यानं देलं का बे यंदा?" ठोक्यानं म्हणजे खंडाने. निर्मलाताईंनी अंगणातूनच उत्तर दिलं, "देलं! तुले काय करा लागते?" पण त्या रात्री जेवताना प्रल्हादभाऊ म्हणाले, "दसऱ्याले पाहू. वीस बोंडं फोडू. दोनात सापडली त मी ऐकाचा नाई." विसांत दोन, हा सगळ्यांचाच नेम. तेवढ्यात अळी दिसली की फवारायचंच. निर्मलाताईंनी मान हलवली. डाळीच्या डब्याकडे मीही पाहिलं नाही.

मी रोज नवी गणितं मांडत होते आणि रोज वेगळं उत्तर येत होतं. शेवटी पत्रिका चुलीत घातली.

दसरा

दसऱ्याला अवजारांची पूजा. पहाटेच प्रल्हादभाऊंनी सगळं धुऊन पडवीत भिंतीशी मांडलं. वखर, डवरा, टिकास, कुऱ्हाड, विळे, चाकू. रांगेच्या शेवटी निळा पंप. नळीचं टोक उघडं. तिघांनाही दिसत होतं.

पूजेआधी वावरात गेलो. यासीनभाई आधीच येऊन धुऱ्यावर बसले होते. प्रल्हादभाऊंनी तिरपं चालत, मनाला येईल त्या झाडाचं एकेक हिरवं बोंड तोडलं. वीस झाली. आज चाकूला हात लावायचा नाही, म्हणून बोंडं दगडावर ठेवून दगडानेच ठेचायची. त्यांनी ठेचायचं आणि भिंग मी लावायचं, असं ठरलं.

पहिलं स्वच्छ. दुसरं, तिसरं स्वच्छ. ओली पांढरी सरकी, हिरवा वास. सातव्यात ती सापडली. अजून गुलाबी व्हायची होती, पांढरीच, तपकिरी डोक्याची, तांदळाच्या कणीएवढी. मी गप्प बसले असते तर? भिंग माझ्याच हातात होतं. हा विचार माझ्या मनात आला, खोटं कशाला सांगू.

"आहे," मी म्हणाले.

"एक," प्रल्हादभाऊ म्हणाले आणि आठवं बोंड ठेवलं.

आता आणखी एक निघाली की संपलं. निर्मलाताई उकिडव्या बसल्या होत्या आणि पदराचं टोक बोटाला गुंडाळत, सोडत, पुन्हा गुंडाळत होत्या. बारावं. तेरावं. पंधराव्याला बाहेरून बारीक डाग होता. आत काही नाही. सतरा, अठरा. एकोणिसावं फोडताना दगड निसटून प्रल्हादभाऊंच्या बोटावर बसला, रक्त आलं, त्यांनी ते बोंडालाच पुसलं. मी दोनदा पाहिलं. स्वच्छ. विसावं त्यांनी बराच वेळ हातातच धरलं. मग ठेचलं. मी चारही पाकळ्या उलगडल्या, सरकी बोटाने बाजूला केली, पुन्हा पाहिलं, भिंग पुसून पुन्हा पाहिलं.

"नाही."

"बराबर पाहा."

"नाहीये, भाऊ."

यासीनभाई म्हणाले, "या अल्लाह," आणि आडवेच झाले धुऱ्यावर.

घरी येऊन पूजा झाली. निर्मलाताई एकेका अवजाराला हळद-कुंकू लावत, फूल वाहत रांगेने सरकत होत्या. पंपापाशी आल्या आणि थांबल्या. मग उठून आत गेल्या. बाहेर आल्या तेव्हा डाळीचा डबा दोन्ही हातांत होता. झाकण काढून त्यांनी आत हात घातला.

"राहू दे," प्रल्हादभाऊ म्हणाले. "डाळीत हाये त डाळीतच राहू दे."

निर्मलाताईंचा हात डब्यातच राहिला. "तुमाले कवापासून ठाऊक?"

"पोळ्यापासून. डाळ मीच नाई का काढली त्या दिवशी."

"मंग बोलले काऊन नाई?"

ते बोटाला बांधलेली चिंधी नीट करत होते.

"मी मागितलं असतं," ते म्हणाले, "त तुले द्या लागलं असतं."

निर्मलाताईंनी हात बाहेर काढला, डाळ झटकली, झाकण घट्ट लावलं. मग डबा पंपाशेजारी रांगेत ठेवला आणि त्यालाही कुंकवाचं बोट लावलं.